तिकिटांच्या राजाची चार तिकिटे

१९२७ साली शांघायमध्ये कागदाच्या एका लहानशा तुकड्यासाठी अडीच हजार टेल चांदी मोजली गेली. टेल म्हणजे चिनी तोळा. शांघायच्या त्या वेळच्या मापाने हे वजन नव्वद किलोच्या आसपास भरते. त्या तुकड्यावर परस्परांपासून न तोडलेली चार टपाल तिकिटे होती आणि प्रत्येकाची दर्शनी किंमत एक डॉलर होती. हा व्यवहार करणारे गृहस्थ तेव्हा पन्नाशीला टेकले होते. ते गणिताचे अभ्यासक होते, एका प्रांताधिपतीचे नातू होते आणि चीनमध्ये तिकिटांचा राजा या नावाने ओळखले जात होते. त्यांचे नाव झोऊ जिनज्युए.

चिनी टपाल तिकिटांच्या किमती आज कोट्यवधींच्या घरात गेल्या आहेत. हाँगकाँग आणि बीजिंग येथील लिलावांच्या बातम्या अधूनमधून जगभर झळकतात. या बाजाराचा पाया ज्या काळात घातला गेला, त्या काळाच्या मध्यभागी झोऊंचे चरित्र उभे आहे. दुर्मीळ वस्तूचे मोल कोण ठरवतो आणि ते ठरवणाऱ्याच्याच पेटीत ती वस्तू असली तर काय घडते, हे दोन्ही प्रश्न या चरित्रात एकत्र येतात.

झोऊंचा जन्म १८७८ सालचा. मूळ नाव झोऊ दा. घराणे आन्हुई प्रांतातील झिद या गावचे. आजोबा झोऊ फू हे ली होंगझांग या प्रख्यात मुत्सद्द्याच्या पदरी राहून वर चढले आणि छिंग राजवटीच्या अखेरच्या काळात प्रथम लियांगजियांग व नंतर लियांगग्वांग या विशाल प्रदेशांचे राजप्रतिनिधी झाले. वडील झोऊ शुएहाई हे राजपरीक्षेतील सर्वोच्च पदवी मिळवलेले विद्वान. पण त्यांचा खरा ओढा वैद्यकाकडे होता. जुन्या वैद्यकग्रंथांचे त्यांनी केलेले संपादन चिनी वैद्यांमध्ये आजही मान्यता पावलेले आहे. काका झोऊ शुएशी यांनी उत्तर चीनमध्ये आधुनिक उद्योग उभारले आणि प्रजासत्ताक काळात दोनदा अर्थमंत्रिपद भूषवले. धाकटे बंधू झोऊ शुताओ हे उद्योगपती आणि दुर्मीळ ग्रंथांचे संग्राहक म्हणून नावाजले. सत्ता, विद्या, पैसा आणि संग्रहाचा छंद, चारही गोष्टी या घरात एकाच वेळी नांदत होत्या.

तरुण झोऊ दा यांनी यांतून प्रथम विद्या निवडली आणि तीही त्या काळच्या सरदार घराण्याला अपरिचित अशी. अभिजात ग्रंथांच्या पाठांतरावर पोसलेल्या समाजात ते पाश्चात्त्य गणिताकडे वळले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर यांगझोऊ येथे त्यांनी समविचारी मित्रांसह गणिताच्या अभ्यासाची एक संस्था स्थापन केली. नव्याचे ज्ञान असा तिच्या नावाचा आशय होता. १९०२ मध्ये ते जपानला गेले. तेथील शाळांत गणित कसे शिकवले जाते, कोणती पुस्तके वापरली जातात, अभ्यासकांच्या संस्था कशा चालतात, याची पाहणी करून त्यांनी तपशीलवार अहवाल लिहिला. चीनमध्ये आधुनिक गणिताची विद्यापीठे उभी राहण्यापूर्वीचा हा काळ होता. त्या पूर्वतयारीच्या पिढीत झोऊ दा यांचे नाव आदराने घेतले जाते. पुढे त्यांनी आपला गणितग्रंथांचा संग्रह चिनी विज्ञान संस्थेच्या शांघाय येथील ग्रंथालयाला देऊन टाकला. १९३५ मध्ये शांघायमध्येच चिनी गणित परिषद स्थापन झाली, तेव्हा तिच्या ज्येष्ठांत त्यांचा समावेश होता.

१९११ च्या क्रांतीने राजवट कोसळली आणि जुन्या अधिकारी घराण्यांपैकी अनेकांनी परकीय वसाहतींच्या आश्रयाला शांघाय गाठले. झोऊ तेथे संपन्न गृहस्थाचे आयुष्य जगू लागले. १९२३ च्या सुमारास, वयाच्या पंचेचाळिशीत, ते टपाल तिकिटांकडे वळले. या क्षेत्रात त्यांनी जिनज्युए हे नाव धारण केले. आज जाग आलेला, असा त्या दोन अक्षरांचा अर्थ लावता येतो. छंद उशिरा जडला. पण त्याची झेप अशी होती की अवघ्या चार-पाच वर्षांत चिनी तिकिटांचा त्यांच्याइतका मातबर संग्राहक चीनमध्ये उरला नाही.

तोवर चिनी तिकिटांचा बाजार बव्हंशी परदेशी लोकांच्या हाती होता. त्याला कारणही तसेच होते. चीनचे आधुनिक टपाल परकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालील सागरी जकात खात्यात जन्मले. १८७८ मध्ये निघालेली देशातील पहिली तिकिटे, मोठा ड्रॅगन या नावाने प्रसिद्ध असलेली, याच खात्याने काढली. त्यांचे मोल प्रथम ओळखले तेही खात्यातील युरोपीय नोकरांनी आणि शांघायमधील परदेशी रहिवाशांनी. चिनी तिकिटांविषयीचे ज्ञान परकीय भाषांत लिहिले जाई, किमती परकीय व्यापारी ठरवत आणि उत्तमोत्तम नग देशाबाहेर जात. झोऊंनी ही परिस्थिती बदलण्याचा निश्चय केला. १९२५ मध्ये शांघायमध्ये चिनी संग्राहकांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. झोऊ तिचे अध्यक्ष झाले. संस्थेचे नियतकालिक त्यांनी संपादित केले, त्यात संशोधनपर लेख लिहिले आणि वृत्तपत्रांतील लेखनातून सामान्य वाचकालाही या छंदाची गोडी लावली. त्याच वर्षी हांगझोऊ येथेही संग्राहकांची दुसरी संस्था निघाली. चिनी तिकीटसंग्रहाचे ते उमलते युग होते.

गणितज्ञाची शिस्त त्यांनी या छंदात आणली. तिकीट सुंदर आहे की नाही, हा त्यांच्या दृष्टीने पहिला प्रश्न नव्हता. ते किती छापले गेले, कोणत्या ताव्यावर, कोणत्या जुळणीने, त्यांतील किती उरले आणि ते कोणाकडे आहेत, हे त्यांचे प्रश्न होते. या पद्धतीला सर्वांत योग्य असा विषय चिनी टपालाच्या इतिहासातच दडलेला होता. त्याचे नाव लाल महसुली तिकीट.

१८९६ मध्ये लंडनच्या वॉटरलो छापखान्यात चिनी जकात खात्यासाठी तीन सेंट किमतीची महसुली तिकिटे छापण्यात आली. गडद लाल रंगाची, अत्यंत नाजूक कोरीवकामाची ही सहा लाखांहून अधिक तिकिटे चीनमध्ये आली. परंतु महसुलासाठी त्यांचा वापर झालाच नाही. याच सुमारास सम्राटाने राष्ट्रीय टपाल सेवेला मान्यता दिली आणि १८९७ मध्ये ती सुरू झाली. नव्या टपालाने हिशेबासाठी चांदीची जुनी वजनी मापे सोडून डॉलर आणि सेंट स्वीकारले. नवी तिकिटे छापून हाती येण्यास वेळ होता. टपाल कचेऱ्यांना तर तिकिटे ताबडतोब हवी होती. तेव्हा कोठारातील लाल महसुली तिकिटे बाहेर काढून त्यांवर काळ्या शाईने टपालाची नवी किंमत छापण्यात आली.

एक डॉलरच्या किमतीसाठी प्रथम जी अक्षरे जुळवली ती लहान होती. पन्नास तिकिटांवर हा मजकूर छापून झाल्यावर अक्षरे फारच बारीक असल्याचे ठरले आणि पुढील छपाईसाठी मोठी अक्षरे घेण्यात आली. ती पन्नास तिकिटे तेवढीच राहिली. त्यांपैकी बत्तीसच्या आसपास आज अस्तित्वात असल्याचे मानले जाते. लहान अक्षरांचा एक डॉलर या नावाने ती ओळखली जातात. कोणाची चूक नव्हे, कोणाचा कट नव्हे. कचेरीतील एका साध्या निर्णयातून चिनी टपालातील सर्वाधिक प्रतिष्ठेची दुर्मीळता जन्मली.

या छपाईशी जवळून संबंध असलेला अधिकारी होता रॉबर्ट द व्हिलार. जकात खात्याच्या शांघाय येथील सांख्यिकी विभागात तो नोकरीस होता. १८९४ मध्ये राजमाता त्सशी हिच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त निघालेल्या तिकिटांची रेखाटने त्याचीच. लहान अक्षरांच्या एक डॉलर तिकिटांतील चार, एकमेकांना जोडलेली, त्याच्या संग्रहात राहिली. असा ब्लॉक जगात दुसरा उरला नाही. १९०४ मध्ये व्हिलार मरण पावला आणि ब्लॉक त्याच्या पत्नीकडे आला. तिने तो दोन दशकांहून अधिक काळ जपून ठेवला. झोऊंनी तिच्याकडूनच तो अडीच हजार टेलांना घेतला.

त्या वेळच्या विनिमयाने ही रक्कम सुमारे साडेतीन हजार चांदीचे डॉलर होते. चार तिकिटांची एकत्रित दर्शनी किंमत चार डॉलर. म्हणजे तीस वर्षांत किंमत आठशे पटींहून अधिक झाली. एवढ्या रकमेत शांघायमधील एखादे कुटुंब कित्येक वर्षे सुखात राहिले असते. परंतु झोऊंच्या हिशेबात या खरेदीला दुहेरी अर्थ होता. त्यांनी जगातील एकमेव वस्तू मिळवली आणि ती परकीय घरातून चिनी घरात आणली. राष्ट्राभिमान आणि संग्राहकाची हाव यांतील सीमारेषा येथे पुसट होते. ती स्पष्ट करण्याचा आग्रह त्यांच्या काळानेही धरला नाही.

येथेच त्यांच्या कार्याची दुसरी बाजू पुढे येते. झोऊ हे चिनी तिकिटांचे अग्रगण्य अभ्यासक होते आणि अग्रगण्य खरेदीदारही. कोणते तिकीट दुर्मीळ, हे त्यांच्या लेखांतून वाचकांना कळे. तो लेख वाचून संग्राहक त्या तिकिटाच्या शोधात निघत आणि मागणी वाढली की भाव चढे. ज्या तिकिटांचे माहात्म्य त्यांनी सर्वाधिक विस्ताराने लिहिले, ती त्यांच्याच संग्रहाचा मुकुटमणी होती. त्यांच्या संशोधनात खोट होती असे यावरून ठरत नाही. त्यांनी मांडलेला छपाईचा इतिहास आणि शिल्लक नगांचा हिशेब पुढील अभ्यासकांना पायाभूत ठरला. तरीही सत्य सांगणाऱ्याला ते सत्य लाभदायक असले, की बाजार आणि विद्या यांच्यातील अंतर उरत नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. चिनी तिकिटांच्या भावांचा इतिहास लिहिताना त्यांची लेखणी हीदेखील भावांचे एक कारण म्हणून नोंदवावी लागते.

दुर्मीळतेचे हे गणित समजून घेण्यासारखे आहे. पुरवठा बत्तीसवर गोठलेला आहे. किंमत कितीही वाढली तरी तेहतिसावे तिकीट छापले जाणार नाही. त्यामुळे भाव सर्वस्वी मागणीवर हलतो आणि मागणी तीन गोष्टींवर ठरते: वस्तूची कथा किती लोकांना ठाऊक आहे, त्यांच्या हाती किती पैसा आहे आणि चलनावर त्यांचा किती विश्वास आहे. यांतील पहिली गोष्ट झोऊंनी घडवली. उरलेल्या दोन गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या आणि त्यांनीच पुढे त्यांच्या आयुष्याला वळण दिले.

१९३७ मध्ये जपानी फौजांनी शांघायवर हल्ला केला. तीन महिने शहराच्या वेशीवर आणि गल्ल्यांत लढाई चालली. त्यानंतर आठ वर्षे परकीय ताब्यात गेली. युद्ध संपले, पण स्थैर्य आले नाही. राष्ट्रवादी सरकार आणि कम्युनिस्ट यांच्यात यादवी पेटली. सरकारने खर्च भागवण्यासाठी नोटा छापल्या आणि कागदी चलनाची किंमत दररोज घसरू लागली. सकाळी ठरलेला भाव संध्याकाळी टिकत नसे. ज्यांच्याजवळ काही होते, ते सोने, परकीय डॉलर किंवा सहज नेता येईल अशी मौल्यवान वस्तू शोधू लागले. अशा काळात चार तिकिटांचा तो ब्लॉक एकाच वेळी जगातील अतिशय हलकी आणि अतिशय महाग संपत्ती होता.

१९४७ मध्ये झोऊंनी तो विकला. घेणारे होते शांघायमधील दुसरे मातबर संग्राहक ग्वो झिफांग. सौदा कागदी चलनात ठरण्याचा प्रश्नच नव्हता. किंमत सोन्यात झाली आणि ती सुमारे ३३० ल्यांग, म्हणजे दहा किलोंच्या जवळपास सोने, असल्याचे संग्राहकांच्या परंपरेत नोंदले आहे. १९२७ मध्ये मोजलेली चांदी त्या वेळच्या जागतिक भावाने सोन्यात रूपांतरित केली, तर ती अडीच किलोंच्या आसपास भरते. म्हणजे वीस वर्षांत, आणि तीही युद्धाची वीस वर्षे, सोन्याच्या मापाने किंमत चौपट झाली. व्यापारी दृष्टीने याहून चोख व्यवहार सापडणे कठीण. परंतु ज्या ब्लॉकला परकीय हातांतून सोडवून आणल्याचा त्यांना अभिमान होता, तो पुढील वर्षी ग्वो यांच्यासोबत अमेरिकेला गेला. दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, शांघायमध्ये झोऊंचे निधन झाले. त्याच वर्षी चीनमध्ये नवी राजवट आली.

त्यांच्या धाकट्या बंधूंनी निराळा मार्ग धरला. झोऊ शुताओ यांनी आयुष्यभर जमवलेले दुर्मीळ ग्रंथ १९५२ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला अर्पण केले. शांघायमधील आणखी एक मोठे संग्राहक मा रेनच्युआन यांनीही १९५६ मध्ये आपला तिकीटसंग्रह राष्ट्राला दिला. झोऊ जिनज्युए यांच्यासमोर असा पर्याय येण्यापूर्वीच त्यांचे आयुष्य संपले. त्यांनी विकले ते कोसळत्या चलनाच्या आणि पेटलेल्या देशाच्या काळात. एका भावाचा त्याग आणि दुसऱ्याचा व्यवहार एकाच तागडीत तोलताना काळातील हे अंतर विसरता येत नाही. शिवाय गणिताची पुस्तके थोरल्या भावाने कितीतरी आधीच विनामूल्य दिली होती.

ब्लॉकचा प्रवास पुढे चालू राहिला. ग्वो यांच्या निधनानंतर तो त्यांच्या पत्नीकडे होता. १९८२ मध्ये हाँगकाँगच्या एका संग्राहकाने तो घेतला आणि २००९ मध्ये मुख्य भूमीवरील एका चिनी संग्राहकाने वीस लाख अमेरिकी डॉलरहून अधिक किमतीला तो खरेदी केला. ऐंशीहून अधिक वर्षांत तो केवळ मूठभर घरांत राहिला. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण तोही सोन्याच्या तागडीत टाकला की चित्र बदलते. १९४७ ते २००९ या बासष्ट वर्षांत सोन्याच्या मापाने वाढ सहा-सात पट होते. म्हणजे वर्षाकाठी वाढीचा वेग झोऊंच्या काळापेक्षा मंदच राहिला. सर्वांत वेगवान वाढ ज्या वर्षांत झाली, त्या वर्षांत ब्लॉकही त्यांच्या हाती होता आणि त्याची कीर्ती वाढवणारी लेखणीही.

त्यांच्या पश्चात चिनी तिकिटांच्या बाजाराने अनेक चढउतार पाहिले. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत हा छंद भांडवलदारी ठरून बंद पडला आणि त्याच वर्षांतील तिकिटे पुढे दुर्मीळ झाली. १९६८ मध्ये निघून नकाशातील दोषामुळे तातडीने मागे घेतलेले, संपूर्ण देश लाल असा आशय मांडणारे तिकीट त्यांत अग्रणी. १९८० मधील माकडाचे चित्र असलेले आठ फेनचे तिकीट पुढे हजारो युआनना विकले गेले. १९९७ मध्ये तर नुकत्याच निघालेल्या, लाखोंच्या संख्येने छापलेल्या तिकिटांचेही भाव काही महिन्यांत गगनाला भिडले आणि तितक्याच वेगाने कोसळले. घाईने उडी घेतलेल्या सामान्य माणसांच्या हाती कागद उरला. झोऊंनी शिकवलेला पहिला धडा तेथे विसरला गेला होता: खरेदीपूर्वी छपाईची संख्या पाहावी आणि उरलेल्या नगांची मोजदाद करावी.

झोऊंचा वारसा तिकिटांहून मोठा ठरला तो त्यांच्या घरातच. त्यांचे पुत्र वेई-लियांग यांना लहानपणी शाळेत घातले नव्हते. त्यांचे शिक्षण घरीच शिक्षक ठेवून झाले. पुढे ते अमेरिका आणि जर्मनीत शिकले आणि बैजिक भूमितीतील विसाव्या शतकाच्या श्रेष्ठ गणितज्ञांत गणले गेले. झोऊ या आडनावाचे रोमन लिपीतील जुने रूप त्यांनी वापरले. म्हणून गणिताच्या ग्रंथांत त्यांचे सिद्धान्त चाऊ या नावाने येतात. युद्धकाळात शांघायमध्ये त्यांना गणित सोडून व्यापार करावा लागला होता. वडिलांनी ब्लॉक विकला त्याच १९४७ मध्ये ते गणिताकडे परतण्यासाठी अमेरिकेला गेले आणि पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले.

वेई-लियांग चाऊ १९९५ मध्ये निवर्तले. पुढील वर्षी त्यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो गणिताचा नव्हता. शांघायच्या स्थानिक टपालाने १८६५ मध्ये काढलेल्या पहिल्या तिकिटांचा तो अभ्यास होता. वडिलांनी गणिताकडून तिकिटांकडे जाणारी वाट आखली. पुत्राने आयुष्यभर गणित करूनही ती वाट सोडली नाही. चार तिकिटांचा ब्लॉक आज कोणाच्या तिजोरीत आहे, यावरून झोऊ घराण्याचे नाव पुसले जात नाही. ज्या घरातून तो गेला, त्या घरात मोजण्याची सवय राहिली.